कारल्याला चोळलेलं मीठ कोणाच्या खात्यावर?

डॉक्टरांनी ‘मीठ कमी करा’ म्हटलं की घरात पहिली गदा लोणच्यावर येते, मग पापडावर, मग ताटाच्या डाव्या कोपऱ्यातल्या चिमूटभर मिठावर. हे तिन्ही ठीकच. पण आपल्या परभणीकडच्या स्वयंपाकघरात एक मीठ असं आहे, जे कोणीच हिशेबात धरत नाही. कारल्याच्या चकत्यांना चोळून ठेवलेलं, चोचवलेल्या काकडीवर भुरभुरलेलं, मुळ्याच्या किसात कालवलेलं, वांग्याच्या फोडी ज्या पाण्यात पडतात त्या पाण्यात विरघळलेलं. ‘ते काय, पाण्यासोबत निघूनच जातं’ असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. थोडं जातं, सगळं जात नाही. आणि किती राहिलं ते घरच्या काट्यावर कळत नाही, खरी अडचण तीच आहे.

पाणीदार भाज्यांचं पाणी काढायला बहुतेक वेळा मिठाची गरजच नसते. एखाद्या भाजीत ते लावावंच लागलं, तर तेच त्या भाजीचं सगळं मीठ धरायचं, फोडणीत पुन्हा घालायचं नाही. ज्यांच्या घरी रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण आहे, त्यांनी एवढं पाळलं तरी बरंच काम होतं. पण हे करायचं कसं, ते भाजीगणिक बदलतं.

आधी थोडा आकड्यांचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये काढलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही वरची मर्यादा 5 ग्रॅमच आहे. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण एवढंच. मिठाच्या वजनात सुमारे 40 टक्के सोडियम असतं, म्हणून 5 ग्रॅम मीठ म्हणजे जवळपास 2000 मिलिग्रॅम सोडियम. तुमच्या डॉक्टरांनी याहून कमी आकडा दिला असेल तर तोच खरा.

आता पाव किलो कारलं घ्या. आपण अर्धा चमचा मीठ चोळतो, म्हणजे अडीच ग्रॅम, म्हणजे सुमारे 1000 मिलिग्रॅम सोडियम. समजा त्यातलं निम्मं पिळण्यात आणि धुण्यात गेलं. तरी 500 मिलिग्रॅम भाजीत राहिलं. त्यावर भाजी शिजताना सवयीने आणखी अर्धा चमचा पडतो. चार माणसांत वाटलं तर एकट्या भाजीतून प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास 375 मिलिग्रॅम आलं, दिवसाच्या मर्यादेचा पाचवा हिस्सा. अजून वरण, भात, चटणी, ताक बाकी आहेच. निम्मं गेलं हा झाला आपला अंदाज. चकत्या पातळ असतील, मीठ तासभर राहिलं असेल, धुतलंच नसेल, तर उरणारं मीठ वाढतं.

गंमत अशी की या भाज्या मुळात मिठाच्या बाबतीत अगदी गरीब आहेत. काकडी, दुधी, दोडका, पडवळ यांत सुमारे 95 टक्के पाणी, वांग्यात आणि कोबीत त्याहून थोडं कमी. काकडीत, दुधीत, वांग्यात सोडियम 100 ग्रॅममागे जेमतेम दोन-चार मिलिग्रॅम. पालक आणि बीट यांच्यात बरंच जास्त, पण तेही चोळलेल्या अर्धा चमचा मिठापुढे काहीच नाही. म्हणजे कमी मिठाच्या माणसाला जी भाजी सगळ्यात सोयीची, तिलाच आपण आधी खारवून घेतो.

मीठ लावल्यावर पाणी सुटतं ते का? फोडीवरच्या ओलाव्यात मीठ विरघळून तिथे दाट खारं पाणी तयार होतं. आतल्या पेशींतलं पाणी त्यामानाने पातळ. ते पेशीच्या पातळ पडद्यातून बाहेर, दाट पाण्याकडे ओढलं जातं. थोड्या वेळाने पडदे सैल पडतात आणि मग उलटा प्रवासही सुरू होतो, बाहेरचं मीठ आत शिरतं. म्हणजे मिठाचं काम पेशी ढिल्या करण्याचं. तेच काम किसणी करते, उष्णता करते. किसलेल्या मुळ्याच्या पेशी आधीच फाटलेल्या असतात, त्याला मीठ कशाला? मुठीत धरून पिळला की पाणी येतंच. आणि वाफ लागली की कोणतीही भाजी नरम होऊन पाणी सोडते. पातळ चकत्या कच्च्याच खायच्या किंवा कुरकुरीत करायच्या असतील तेव्हाच मिठाचा प्रश्न खरा उभा राहतो.

आपल्याकडच्या जुन्या स्वयंपाकाने हा प्रश्न वेगळ्याच बाजूने सोडवलेला आहे. पाणी काढत बसण्याऐवजी ते पिणारं काहीतरी भाजीत घालायचं. दोडक्यात मुगाची डाळ, दुधीत आणि पडवळात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कोबीवर पेरलेलं बेसन, गिलक्यात शेंगदाण्याचं कूट, कशात तीळ तर कशात कारळाचं कूट. भाजीला सुटलेलं पाणी डाळीने, कुटाने ओढून घेतलं की भाजी सुकी होते, पाणी वाया जात नाही, आणि वर प्रथिनं मिळतात. कमी मिठाच्या घरात मी हीच पद्धत सगळ्यात वर ठेवीन. दोडका करायचा तर मुगाची डाळ अर्धा तास भिजवून निथळून घ्या. फोडणीत लसूण, जिरं, हिरवी मिरची, मग डाळ, मग दोडक्याच्या फोडी. झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परता. वेगळं पाणी अजिबात घालू नका, दोडक्याचं पाणी डाळीला पुरतं. पीठ पेरायचं तर बेसन आधी कोरडंच खमंग भाजून घ्या, कच्चं पीठ ओल्या भाजीत गोळे धरतं. आणि कढई पसरट घ्या. खोल पातेल्यात भाजी स्वतःच्याच वाफेत उकडत राहते, पसरट कढईत वाफ उडून जाते.

मीठ केव्हा घालायचं हेही तितकंच महत्त्वाचं. पालेभाजीला मीठ आळल्यावर घालायचं, हे घराघरातल्या सासूबाईंनी सांगून ठेवलेलं आहे. मेथीची जुडी कढईत पडते तेव्हा डोंगराएवढी दिसते आणि हात तेवढ्या मिठाकडे जातो. आळली की मूठभर उरते, आणि मीठ मात्र तेवढंच. हाच नियम दुधी, दोडका, कोबी, टमाटे यांना लावा. सुरुवातीला मीठ घातलं की भाजी लगेच पाणी सोडते, ते आटवायला वेळ लागतो, आणि आटेपर्यंत मीठ अंगभर मुरतं. मुरलेलं मीठ जिभेला कमी जाणवतं, म्हणून वरून आणखी पडतं. शेवटी, आच बंद करताना घातलेलं मीठ फोडीच्या बाहेरच राहतं आणि थोड्यातच पुरेसं वाटतं.

भेंडी पाणीदार भाज्यांच्या या गटात बसत नाही, पण परभणीत बसून तिला सोडता येणार नाही. इथल्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘परभणी क्रांती’ ही भेंडीची जात 1980 च्या दशकापासून देशभर लावली गेली, कारण ती पानं पिवळी पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाला दाद देत नसे. तिची भाजी बुळबुळीत होण्याचं एक कारण लवकर पडलेलं मीठ. मीठ पाणी ओढतं, पाण्यात चिकट द्रव फुगतो. भेंडी धुऊन, पुसून, कोरडी चिरा. मोठ्या आचेवर परता, चिंचेचं पाणी किंवा दोन चमचे दही घाला, मीठ अगदी शेवटी.

काकडी, वाळूक, मुळा

कोशिंबिरीत अडचण जास्त, कारण इथे आच नाही. काकडी चोचवली, मीठ घातलं, पानं वाढेपर्यंत वाडग्यात तळं झालं, म्हणून आधीच मीठ लावून पिळण्याची पद्धत आली. त्याऐवजी असं करा. काकडी कोवळी असेल तर तशीच घ्या. जून असेल, किंवा शेतातलं वाळूक असेल, तर उभी दोन भागांत चिरून बियांचा मऊ गर चमच्याने खरवडून काढा. सगळ्यात जास्त पाणी त्या गरातच असतं, तो काढला की निम्मं काम झालं. गर फेकायचा नाही, तो ताकात किंवा थालीपिठाच्या पिठात जातो. मग काकडी चोचवा, स्वच्छ पंचावर पसरून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, आणि पंचाची पुरचुंडी करून हलक्या हाताने पिळा. फार जोर लावू नका, लगदा होतो.

आता क्रम महत्त्वाचा. आधी शेंगदाण्याचं कूट, एका मध्यम काकडीला दोन मोठे चमचे. कुटाचं तेल फोडींना लागतं आणि उरलेलं पाणी कूट शोषून घेतं. मग जिरं आणि हिरव्या मिरचीची फोडणी, कोथिंबीर, लिंबू. मीठ इथे घालायचंच नाही. ताटात वाढल्यावर ज्याला चालतं त्याने आपापल्या वाटीत घ्यावं, रुग्णाच्या वाटीत ठरलेली चिमूट. अशा कोशिंबिरीला पाणी सुटायला वेळच मिळत नाही, आणि वरवर पडलेले मिठाचे कण जिभेला पहिल्याच घासात लागतात. लिंबाच्या आंबटपणामुळे थोडं मीठही जास्त भासतं. कमी मिठाच्या स्वयंपाकात आंबट हा सगळ्यात कामाचा रस आहे, तिखटाहूनही. लिंबू, चिंच, कैरी, आमसूल, दही, यांतलं काही ना काही ताटात असू द्या.

दह्यातली कोशिंबीर करायची तर पातळ दही नको. दही अर्धा तास फडक्यात टांगा, तो दाट चक्का काकडीचं पाणी झेलतो. खाली पडलेलं दह्याचं पाणी पीठ भिजवायला घ्या.

मुळ्याला तर मिठाचं काही कारणच नाही. किसा, पिळा. पिळताना त्याचा उग्रपणाही बराचसा जातो. वर भिजवलेली मुगाची डाळ आणि लिंबू. कोबीची पचडी करताना बारीक चिरलेल्या कोबीला लिंबाचा रस लावून हाताने चुरडा, दोन मिनिटांत तो मऊ पडतो.

इथे एक सावधगिरी. पिळलेलं पाणी फेकू नये, त्यात जीवनसत्त्वं जातात, म्हणून त्यात धपाट्याचं पीठ भिजवा, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चांगलाच आहे. पण मीठ लावून पिळलेलं पाणी असेल तर त्या सल्ल्याने काढलेलं मीठ पुन्हा सगळंच्या सगळं पोटात जातं. बिनमिठाचं पाणी पिठात, मिठाचं पाणी मोरीत.

उपवासाच्या दिवशी आणखी एक गोंधळ होतो. काकडीला सैंधव लावलं की ते मिठात मोजत नाहीत. सैंधव खाणीतलं असलं तरी मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड आहे, पादेलोणही तसंच. रक्तदाबाला त्यांच्या रंगाशी देणंघेणं नाही.

कारलं

सगळ्यात अवघड भाजी हीच, कारण इथे मीठ दोन कामं करतं. पाणी काढतं, त्यासोबत थोडा कडवटपणा जातो, आणि जो राहतो तो मिठामुळे जिभेला कमी जाणवतो. दुसरं काम मिठाइतकं छान दुसरं काही करत नाही, हे मान्य करून पुढे जाऊ.

पहिला उपाय उकळत्या पाण्याचा. कारल्याच्या पाठीवरचे काटे खरवडून, जून बिया काढून चकत्या करा. चिंचेचा कोळ घातलेल्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, चाळणीत ओता, गार झाल्यावर हलक्या हाताने पिळा. कडवटपणा बराच उतरतो. दुसरा उपाय बिनमिठाच्या ताकाचा, चकत्या अर्धा तास ताकात, मग पिळून काढायच्या. याने कारलं थोडं सौम्य होतं, पण अगदी पातळ चकत्यांना हे नको, त्या मऊ पडतात. तिसरा उपाय मला स्वतःला सगळ्यात पसंत आहे, काहीच न लावता पातळ चकत्या चमचाभर तेलावर लोखंडी तव्यावर मंद आचेवर कोरड्या होईपर्यंत परतायच्या. पाणी तव्यावरच उडतं. कडू राहतात, पण कुरकुरीत कडू चांगलं लागतं, त्यावर कांदा, कारळाचं कूट, चिमूटभर तिखट. आपल्या उन्हाळ्याचाही उपयोग करा. एप्रिलच्या उन्हात फडक्याखाली तासभर ठेवलेल्या चकत्या निम्म्या सुकलेल्या असतात, त्यांना मीठ नको आणि तेलही थोडंच लागतं.

भरली कारली करायची तर अख्खी उकडून घ्या, चीर देऊन बिया काढा, आणि तीळ, शेंगदाणे, सुकं खोबरं, काळा मसाला, चिंच, गूळ असं सारण भरा. गूळ जपून, ज्यांना रक्तदाब आहे त्यांतल्या पुष्कळांना साखरही असते. आणि काळा मसाला घालण्यापूर्वी आठवून पाहा, कुटताना त्यात खडे मीठ घातलं होतं का? टिकावा म्हणून पुष्कळ घरांत मसाल्यात आणि वर्षाच्या तिखटात मीठ घालतात. पुढच्या वर्षी मसाला कुटून आणाल तेव्हा रुग्णासाठी अर्धा किलो बिनमिठाचा वेगळा काढा, त्याला पोरकिडा लागू नये म्हणून हिंगाचे खडे आणि घट्ट झाकण पुरेल.

आणि इतकं करूनही घरच्यांना मीठ लावलेलंच कारलं हवं असेल, तर असं करा. पाव किलोला सपाट अर्धा चमचा, मोजून. पंधरा-वीस मिनिटंच, रात्रभर नाही. पिळा, मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवून खळबळा, पाणी ओता, पुन्हा एकदा, पुन्हा पिळा. वाहत्या नळाखाली नुसतं धरून वरचंच मीठ जातं. मग एक चकती जिभेवर ठेवून पाहा. खारट लागली तर भाजीत कण देखील घालायचा नाही. फिकी लागली तरी घालू नका, ताटात वाढल्यावर बघता येईल.

कडूचा विषय निघालाच आहे तर हेही ध्यानात ठेवा. कारलं कडू असतंच, पण दुधी किंवा काकडी कडू लागली तर तिला मीठ लावून, उकडून, काही करून खायची नाही. त्या कडूपणामागची द्रव्यं विषारी असू शकतात आणि ती मिठाने निघत नाहीत. कडू दुधीच्या रसाने माणसं गंभीर आजारी पडल्याची, दगावल्याचीही उदाहरणं देशात घडली आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या समितीनेही कडू रस पिऊ नये असं बजावलं होतं. रक्तदाब कमी होतो म्हणून सकाळी दुधीचा रस घेणारे पुष्कळ आहेत. आधी देठाकडचा एक तुकडा चाखा, कडू लागला तर थुंका आणि दुधी फेकून द्या.

वांगी

वांग्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात टाकतात त्या काळ्या पडू नयेत म्हणून. काळ्या पडतात त्या हवेने. फोडी साध्या पाण्यात पूर्ण बुडाल्या की निम्मा प्रश्न सुटतो, त्यात चमचाभर ताक किंवा चिंचेचं पाणी घातलं की उरलेलाही. दुसरं कारण तेलाचं. वांग्याचा गर स्पंजासारखा, हवेने भरलेला, त्यामुळे तो तेल पितो, आणि मीठ लावल्याने गर आक्रसून तेल कमी लागतं, हे खरं आहे. पण चार-पाच मिनिटं वाफ दिली तरी तो तसाच आक्रसतो. वाफवलेल्या फोडी मग थोड्या तेलात परता.

त्याहून सोपं म्हणजे भरीत. वांगं भाजलं की पाणी आगीतच जातं, आणि धुराची चव अशी की मिठाची उणीव फारशी भासत नाही. सोललेलं वांगं पाच मिनिटं चाळणीत निथळू द्या, मग कच्चा कांदा, भाजलेली हिरवी मिरची, ठेचलेला लसूण, शेंगदाणे, कोथिंबीर, लिंबू. ज्यांना बिनमिठाचं जेवण जातच नाही त्यांची सुरुवात मी भरितापासून करायला सांगेन. काही आठवडे नेटाने कमी खाल्लं की जीभ सरावते आणि मग लग्नाच्या पंगतीतली भाजी खारट लागायला लागते.

आपल्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे, भाकरी. ज्वारीच्या भाकरीत पुष्कळ घरी मीठ घालतच नाहीत. पाव, बिस्किटं, टोस्ट यांत ते आधीच घातलेलं असतं, खाणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. ‘परभणी मोती’सारख्या ज्वारीच्या जाती ज्या जिल्ह्याच्या नावाने निघाल्या, आणि लोह-जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ 2018 मध्ये जिथून आली, तिथल्या माणसाने रक्तदाबासाठी ब्राऊन ब्रेड शोधत फिरावं याला काय म्हणावं? मात्र भाकरीसोबतचा ठेचा, जवसाची चटणी, कारळाची चटणी यांत मीठ सढळ असतं. रुग्णासाठी बिनमिठाची चटणी वेगळ्या बरणीत, लसूण जास्त घालून.

घरात किती मीठ संपतं हे कळायला सोपी युक्ती आहे. मिठाचं एक किलोचं पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. चार प्रौढांच्या घरात माणशी 5 ग्रॅम धरलं तर दिवसाला 20 ग्रॅम, म्हणजे पाकीट 50 दिवस पुरायला हवं. महिन्यात संपलं तर कुठेतरी सुटलेलं आहे. हा हिशेब अपुरा आहे, फरसाण, पापड, हॉटेलातली मिसळ यांतलं मीठ पाकिटात दिसत नाही. उलट भाज्यांना चोळून मोरीत सोडलेलं मीठ पोटात न जाताही पाकिटातून कमी होतं. चोळणं बंद केलं की पाकीट खरं बोलायला लागतं. रुग्णासाठी आणखी पक्कं हवं असेल तर त्याचं दिवसाचं मीठ सकाळी मोजून एका डबीत काढा. त्याच्या वाट्याची भाजी, वरण बिनमिठाचं वेगळं काढून त्याने दिवसभर डबीतूनच घ्यावं.

मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी वरचं सगळं जसंच्या तसं लागू नाही. त्यांच्यापैकी काहींना सोडियमसोबत पोटॅशियमही कमी करायला सांगितलेलं असतं. भाज्यांच्या पाण्यात पोटॅशियम असतं, म्हणून त्यांनी पिळलेलं पाणी पिठात घालू नये. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावी आणि ते पाणी टाकून द्यावं. दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाला ते उपयोगी पडू शकतं, पण मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. आणि आणलंच असेल तर ते चोळून भाज्या पिळण्यात पैसे घालवण्याचा उद्योग तर नकोच.

मीठ कमी म्हणजे शून्य नव्हे, हे विशेषतः म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत विसरू नका. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, मीठ जवळपास बंद केलं आहे, आणि मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशीच्या बराच वर गेला आहे, अशा वेळी रक्तातलं सोडियम फार खाली उतरू शकतं. चक्कर, गळून जाणं, बोलण्यात विसंगती, पायात गोळे, ही लक्षणं दिसली तर घरीच मीठ-साखर पाणी पाजून वाट पाहू नका, दवाखाना गाठा. उलट्या-जुलाब झाले तर डॉक्टरांना रोजच्या गोळ्यांची नावं आधी सांगा. रक्तदाब मोजायला शहरात जावं लागत नाही, गावातल्या उपकेंद्रातही तो मोजून मिळतो, आकडे वहीत लिहून ठेवा. आणि मार्च महिन्यातल्या भेटीतच डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून घ्या: उन्हाळ्यात गोळीचं प्रमाण हेच राहणार का, शेतात घाम गाळणाऱ्यासाठी मिठाचा आकडा बदलायचा का, आणि दिवसाला पाणी-ताक किती प्यायचं.